पांढऱ्या जहाजाचं मानपत्र

गुऱ्हाळं पेटली की मला जहाज आठवतं. कोल्हापूरच्या माणसाने असं म्हणणं जरा चमत्कारिक आहे, याची मला कल्पना आहे. आमच्याकडे रंकाळा आहे, आणि पावसाळ्यात पंचगंगा पात्र सोडून घरी भेटायला येते. आमचं पाण्याशी नातं तेवढ्यावर संपतं. खरा समुद्र घाटाखाली. तो आम्ही सहलीला जाऊन, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, संशयाने बघतो. तरीही दिवाळी उलटून थंडी पडली, कागलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुराडी धुमसू लागली आणि उकळत्या रसाचा तो गोड, किंचित करपट वास एसटीच्या खिडकीतून आत आला, की शेजारचा माणूस म्हणतो, “गूळ पडाय लागला.” मला मात्र हिंदुराव मगदुमाचा शब्द आठवतो. तो म्हणायचा, “वाफ धरली.”

मुरगूडच्या अलीकडे, वेदगंगेच्या काठच्या त्याच्या गावाला मी एका हिवाळ्यात चार रविवार गेलो. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. गेलो होतो मानपत्र लिहायला.

हे आधीच कबूल करून टाकतो. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे आणि उरलेल्या वेळात मानपत्रं लिहीत असे. समारंभांची मला चीड होती. हार, फेटे, नारळ, ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून तासभर उभे राहणारे वक्ते, या सगळ्यांची मी शिक्षकांच्या खोलीत यथेच्छ टिंगल करी. मग संध्याकाळी कोणीतरी सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राही, “सर, परवा सत्कार आहे, चार ओळी पाहिजेत,” आणि मी लिहून देई. दारूबंदीवर व्याख्यानं देणाऱ्याने घरी भट्टी लावावी, तसा प्रकार. एका निवृत्त जकात कारकुनाला मी ‘करवीरच्या वेशीवरचा जागता पहारेकरी’ केलं होतं. तो नाक्यावर खुर्चीतच झोपे, हे सगळ्या गाडीवानांना ठाऊक होतं. मानपत्राची रीत साधी असते. माणूस जन्मतःच थोर असतो, मध्ये आणखी थोर होतो आणि शेवटी त्याला दीर्घायुष्य चिंतलं जातं. मानपत्रात कोणी चुकत नाही, थकत नाही, आणि कोणाची बदली तर कधीच होत नाही.

हिंदुरावाच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन स्वतः शाळेत आले होते. “आमच्या गावचा गडी नेव्हीत हुता. लढाईचं जहाज. पंधरा वर्सं. आता रिटायर हून आलाय. सत्काराला जिल्ह्याचं पुढारी येणार हायत. मानपत्र असं लिवा सर, का ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पायजे.” मी काट्याची हमी दिली.

पहिल्या रविवारी वीर पुरुष मला चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवा बसलेला सापडला. भावाचं गुऱ्हाळ होतं, आणि हा तिथे जाळ घालत होता. वरच्या काहिलीत रस उसळत होता, गुळव्या मळी काढत होता, आणि खाली, जमिनीच्या पोटात असल्यासारखा, हिंदुराव वाळलेली चिपाडं एका लयीत आत सारत होता. अंगात गंजी, डोक्याला फडकं, भुवया करपलेल्या.

“या मास्तर. कोट काढा, न्हायतर हितंच शिजशीला.”

मी वही उघडली आणि माझा ठरलेला प्रश्न विचारला. समुद्राचं पहिलं दर्शन कसं झालं?

तो मोठ्याने हसला. “समुद्र कवा बघितला मी? मी स्टोकर. बॉयलरला जाळ घालणारा. वर लाटा हायत का चांदणं हाय, आमास्नी खाली काय कळतंय? जहाज कललं का म्हणायचं, वर काय तरी चाललंय. पंधरा वर्सं समुद्रात हुतो, पर आठ-पंधरा दिवस बघितला असंल.”

“मग जहाजाबद्दल काय सांगाल?”

“जाळ चांगला धरायचं,” तो म्हणाला, आणि चिपाडांचा आणखी एक कवळा आत सारला.

परतीच्या एसटीत मी हताश होतो. ज्याने समुद्रच पाहिला नाही, त्याच्यावर अंगावर काटा आणणारं काय लिहिणार? पण त्या हिवाळ्यातलं मला आज जे आठवतं, त्यात हा हताशपणा नाही. आठवतो तो चुलवाणाच्या तोंडाचा तांबडा उजेड, वाटीत ओतलेली गरम काकवी, ती पिताना भाजलेली जीभ, आणि डोळे मिटून जाळाचा आवाज ऐकणारा हिंदुराव. “बघून जाळ कळत न्हाय मास्तर, ऐकून कळतोय,” असं म्हणे. गुळव्या वरून ओरडायच्या आत हा जाळ कमी करी. गुळव्याला त्याचा रागच येई. “नेव्हीचं शाणपण दावू नगंस रं हितं,” तो वरून म्हणे, आणि काकवीची दुसरी वाटी मात्र त्यालाच आधी देई.

दुसऱ्या रविवारी त्याने एक वही आणली. शाळकरी, दोनशे पानी, कडा तेलाने काळ्या झालेल्या. त्यात जहाजाची सगळी नोकरी लिहिलेली होती. जहाज विलायतेत बांधलेलं, आपल्या नौदलाने घेतलेलं, हा आला तेव्हा ऐन उमेदीत होतं. जहाजांचे इतिहास मी थोडेफार वाचले होते. त्यांत सेनापती असतात, नकाशे असतात, तोफांचे आकडे असतात. हिंदुरावाच्या इतिहासात दोन बॉयलर होते, डावा आणि उजवा. उजवा गुणी, डावा लहरी. लढाईच्या वेळची नोंद मी तिथेच दोनदा वाचली. डाव्याच्या नळ्या फुटल्या, नव्या मिळेनात, म्हणून एकट्या उजव्यावर जहाज हाकलं, तेलाची जहाजं किनाऱ्याकिनाऱ्याने सुखरूप पोचवली. शत्रू दिसला नाही. त्याखाली पुढची नोंद: लढाई संपली. त्याखाली: नळ्या आल्या.

मी हसलो. तोही हसला. पण आमची हसण्याची कारणं वेगळी होती, हे मला उशिरा कळलं. मला त्यात सरकारी कारभार दिसत होता. त्याला एका बॉयलरवर ओढलेलं जहाज आठवत होतं.

वहीतलं शेवटच्या चार वर्षांचं पान वेगळ्या शाईने सुरू होत होतं. जहाज म्हातारं झालं, आणि तटरक्षक दल नवं निघालं होतं. त्यांना जहाजं हवी होती. मग लढाईची बरीच आयुधं उतरवली, राखाडी अंगावर पांढरा रंग चढवला आणि जहाज तिकडे दिलं. काही माणसंही जहाजाबरोबर गेली. हिंदुराव त्यांतला एक.

“गावात काय म्हणाली माणसं?” मी विचारलं.

“म्हणत्यात की अजून. आमचा चुलता म्हणाला, हिंद्याला नेव्हीनं हाकलला, आता दर्यावर वॉचमन झालाय. आमची म्हातारी जहाजाचा फोटू बघून रडाय लागली. म्हणाली, पांढरं नेसवलं व्हय रं त्येला? कोण मेलं त्येचं?” त्याने पान उलटलं. “जहाज तेच, मास्तर. बॉयलर तेच. आमी बी तेच. नुसता रंग बदलला तर माणसं वळख देईनात.”

त्या पांढऱ्या जहाजाने काय केलं, हेही वहीत होतं. चोरटा माल आणणाऱ्या होड्या अडवल्या. परक्या मासेमारी जहाजांना हुसकावलं. वादळात सापडलेल्या कोळ्यांना शोधलं. लढाईच्या जहाजाने आधीच्या अकरा वर्षांत शत्रू पाहिला नव्हता. पांढऱ्या जहाजाने चार वर्षांत किती माणसं पाण्यातून वर काढली, त्यांची नावं हिंदुरावाने एकाखाली एक लिहिली होती. त्या यादीखाली एका नावाभोवती चौकोन होता. यशवंत केरबा सुतार.

यशवंत गारगोटीकडचा. हिंदुरावाच्या हाताखालचा स्टोकर, डाव्या बॉयलरवरचा. रत्नागिरीच्या पुढे एका दुपारी वाऱ्यात सापडलेली मच्छिमार होडी त्यांना दिसली. तिचं इंजिन बंद पडलं होतं, आत पाणी भरत होतं. इंजिन कळणारा माणूस हवा होता, म्हणून यशवंत गेला. त्याने पंप चालू केला. पंप चालू होता तेवढ्या वेळात होडीतली सातही माणसं काढून घेतली. पंपापाशी शेवटी तो राहिला, आणि होडी उलटली. तो सापडला नाही.

“लढाईत गेला असता तर गावात चौथरा बांधला असता,” हिंदुराव म्हणाला. “असा गेला तर म्हणत्यात, बुडून मेला. बुडून काय, म्हशीमागनं गेल्यालं पोरगं बी मरतंय. त्येचा बा हाय अजून, केरबाआण्णा. सुतारकाम करतोय. म्हातारा मला म्हणतोय, माझ्या पोरानं काय केलं त्ये चार माणसांत कोण तरी बोला की रं. म्हणून मी चेअरमनला सत्काराला व्हय म्हणालो. माझं नाव बारीक आलं तरी चालंल मास्तर. त्येचं तेवढं वाचा. म्हाताऱ्याला म्होरं बसवणार हाय मी.”

मी हो म्हणालो. अगदी मनापासून हो म्हणालो, हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते दुष्टपणाने केलं असतं तर निदान त्याला काही उंची आली असती.

तिसऱ्या रविवारी मी मसुदा चेअरमनांना वाचून दाखवला. त्यात दोन्ही जहाजं होती, राखाडी आणि पांढरं, आणि शेवटी यशवंत होता. चेअरमनांनी सुपारी कातरत ऐकलं.

“सर, लढाईपातूर झकास हाय. म्होरं जरा पडतंय. ते पांढरं जहाज म्हंजी पोलिसाची बोट. आनि त्यो मेल्याला माणूस दुसऱ्या तालुक्यातला. सत्कार कुणाचा हाय?” मग त्यांनी आतून चौकट आणली. सावंतवाडीहून मुद्दाम करून आणलेली, रंगीत नक्षीची. “ह्येच्यात बसलं पायजे बगा.”

चौकटीत बावीस ओळी बसत होत्या. माझ्या चौतीस होत्या.

चेअरमनांनी दटावलं असतं तर मी कदाचित अडून बसलो असतो. त्यांनी फक्त चौकट पुढे केली, आणि माझ्यातला जुना कारागीर जागा झाला. मला दिसलं, की त्यांचं म्हणणं रचनेच्या दृष्टीने बरोबर आहे. लढाईवर मानपत्र चढतं आणि पांढऱ्या रंगावर उतरतं. जहाजांच्या मोठ्या इतिहासांतही लढाईला प्रकरण मिळतं आणि पुढच्या नोकरीला तळटीप. मी बारा ओळी खालून छाटल्या. जागा थोडी उरली, म्हणून लढाईत दोन विशेषणं घातली. डावा बॉयलरही पेटवला. नक्षीच्या चौकटीत बंद पडलेला बॉयलर शोभत नाही. शेवटून तिसरी ओळ अशी झाली: ‘ज्यांच्या नौकेच्या नुसत्या हुंकाराने शत्रूच्या छातीत धडकी भरे.’ समारंभांची टिंगल करणाऱ्या माणसाने, एसटी स्टँडवर चहा पिताना, ही ओळ लिहिली आणि स्वतःशीच वाचून पाहिली. बरी वाटली.

हिंदुरावाला कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. चौथा रविवार सत्काराचाच होता. समक्ष सांगू, असं ठरवलं.

तिथे पोचलो तेव्हा त्याला फेटा बांधत होते. शाळेच्या पटांगणात मांडव, गुऱ्हाळावरून आणलेला ताजा गूळ पाहुण्यांच्या पुढ्यात, उसाच्या मोळ्यांची कमान. दुपारचे चार वाजले होते. पुढारी आले, नारळ फुटले, भाषणं झाली. एका वक्त्याने नौदल आणि हवाईदल यांत फरक न करता जोरदार अभिमान व्यक्त केला. मग मानपत्र वाचायला मलाच बोलावलं. माझा आवाज बरा आहे. मी चढत्या लयीत वाचलं. बाविसाव्या ओळीला मांडव टाळ्यांनी भरला. चेअरमनांना हवा होता तो काटा आला असावा.

टाळ्या चालू असताना मी हिंदुरावाकडे पाहिलं. तो पुढाऱ्यांकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. पहिल्या रांगेत, सतरंजीच्या कडेला, धुतलेला शर्ट आणि पटका घालून एक म्हातारा बसला होता. एक हात कानामागे धरून तो वाट बघत होता. टाळ्या थांबल्या, आभार झाले, माणसं उठू लागली, तरी त्याचा हात कानामागेच होता.

मांडवाच्या मागे हिंदुरावाने मला गाठलं. आवाज चढवला नाही.

“मास्तर, जहाजाची शेवटची चार वर्सं कुठं गेली?”

“चौकटीत बसेनात,” मी म्हणालो.

“चौकट मोठी आणायची की.”

तेवढ्यात केरबाआण्णा काठी टेकत आला. हिंदुराव बाजूला झाला. म्हाताऱ्याने मला हात जोडले.

“लई ब्येस वाचलासा. म्या भैरा, मला नीट उमगलं न्हाय. यशवंताचं नाव कवा आलं?”

मी हिंदुरावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

“शेवटी,” मी म्हणालो. “शेवटी शेवटी आलं.”

“तरी मला वाटलंच. शेवटाला टाळ्या लई झाल्या.” त्याने ती चौकट हातात घेतली. आधी सवयीने कोपरे चाचपले, अंगठ्याने जोड दाबून पाहिले. “काम चांगलं हाय. सांध्यात फट न्हाय.” मग काचेवरून हात फिरवला. “मला अक्षर येत न्हाय, मास्तर. कुठं हाय त्ये, तेवढं माझं बोट ठेवून द्या.”

मी त्याचं बोट धरलं. सुताराचं बोट, नख ठेचलेलं, कडक. ‘नाव नाही’ म्हणायला मला तेवढा एक क्षण मिळाला होता. मी ते बोट शेवटून तिसऱ्या ओळीवर, धडकीवर, ठेवून दिलं.

त्याने बोट तिथेच राहू दिलं. ती जागा डाव्या कोपऱ्यापासून चार बोटं वर आहे, हे दुसऱ्या हाताने मोजून घेतलं, लाकूडकामाचं माप घ्यावं तसं. बोट कपाळाला लावलं. मग म्हणाला, “यशवंताची पोरगी औंदा पयलीत बसलीया. सुमन. वाचाय शिकली का तिला घेऊन येतो. तिच्या बाचं नाव तिनं वाचाय पायजे.”

चौकट गावच्या वाचनालयात लागली.

मूल पहिलीत बसलं की जोडाक्षरांपर्यंत पोचायला त्याला दोन वर्षं लागतात. मी शिक्षक होतो, मला हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. नवा मजकूर लिहायला मला एक दुपार पुरली असती, कारण छाटलेल्या बारा ओळी माझ्या टेबलाच्या खणात होत्या. छापखाना शाळेच्या समोरच होता. आधी मी म्हणालो, सहामाही होऊ दे. मग म्हणालो, दिवाळी जाऊ दे. मग चेअरमनांना काय सांगायचं, हा प्रश्न आला, आणि तो सोडवायला मी सवड मागत राहिलो. या काळात मी आणखी चार-पाच मानपत्रं लिहिली. गुऱ्हाळांचा एक हंगाम गेला, दुसरा गेला. त्या दोन्ही हिवाळ्यांत मी मुरगूडच्या रस्त्याला फिरकलो नाही. पन्हाळ्याच्या बाजूलाही गुऱ्हाळं आहेत, काकवी तिकडेही मिळते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या हंगामात गेलो. नव्या मजकुराचा कागद खिशात होता. हिंदुराव त्याच जागी, चुलवाणाशी. त्याने मला बसायला पोतं दिलं. माझा कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“उशीर केलासा. गेल्या म्हैन्यात यिऊन गेली पोरगी.”

मग जाळावरची नजर न काढता त्याने सांगितलं. केरबाआण्णा नातीला घेऊन एसटीने आला होता. वाचनालयाची किल्ली हिंदुरावानेच आणली. चौकट भिंतीवरून काढून बाकावर ठेवली. पोरगी समोर बसली आणि ओठ हलवत, बोटाने अक्षरं पुढे ढकलत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. संपल्यावर परत पहिल्यापासून सुरू केलं. हिंदुराव म्हणाला, “मी दारात हुबा हुतो. मला वाटलं, पळून जावं. बॉयलर फुटायच्या वक्ताला बी मला असं वाटलं न्हवतं.”

दुसऱ्यांदा संपल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, “घावलं का?”

पोरगी म्हणाली, “आबा, तुमास्नी कुठं दावल्यालं?”

म्हाताऱ्याने डावा कोपरा चाचपला, चार बोटं मोजली आणि बोट ठेवलं. पोरीने आपलं बोट त्याच्या बोटाला लावलं.

“व्हय आबा. हितंच हाय.”

“मोठ्यानं वाच. मला आयकू येत न्हाय.”

आणि सुमनने त्या ओळीवर बोट फिरवत, शाळेत उभं राहून वाचतात तसं, खणखणीत वाचलं, “यशवंत केरबा सुतार. ह्यांनी सात माणसं वाचवली.”

हिंदुरावाने चिपाडं आत सारली. जाळ एकदम मोठा झाला आणि वरून गुळव्या ओरडला. मी कागदाची घडी मुठीत धरून बसलो होतो. त्यातल्या बारा ओळींत मी हेच सांगायचा प्रयत्न केला होता. आठ वर्षांच्या मुलीला दोन वाक्यं पुरली होती.